टिपरेरीचा आजोबा सापडला, भुसावळची आजी सापडेना

मंडळी, पोस्ट मोठी आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा आणि रविवारी निवांत वाचा. शेवटी एक विनंती आहे, तेवढी मात्र सगळ्यांनी वाचा.

गेली दोन-अडीच वर्षं आपल्याकडे जुन्या नोंदींची केवढी शोधाशोध चाललीय ते तुम्ही बघताच आहात. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला. पणजोबाच्या नावापुढे कोणत्या साली कुठल्या कारकुनाने काय लिहिलं, यावर आज पोराची ॲडमिशन ठरते. याच काळात मी वेगळ्याच नोंदींत डोकं घालून बसलो होतो. त्या नोंदी आयर्लंडच्या आणि इंग्लंडच्या. घराणं मात्र आपल्या भुसावळचंच.

जुन्या रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी एक अँग्लो-इंडियन आंटी राहायच्या. आता वय ७९. मी रेल्वेत कारकुनी केली, निवृत्त झाल्यावर लोकांची जुनी कागदपत्रं लावून द्यायचा छंद लागला, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा नातू पुण्यात कंपनीत आहे. त्याला मित्रांनी सांगितलं की आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर आयरिश पासपोर्ट मिळतो. आंटीचे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, आयरिश होते हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण कुठल्या गावचे? कोणाला माहीत नाही. "टिपरेरी" एवढा एकच शब्द. आंटी म्हणाल्या, "अरे मुला, तू बघ ना जरा. तुला ऑफिसची भाषा कळते."

टिपरेरी हा जिल्हा आहे, आणि तिथे त्यांचं आडनाव म्हणजे आपल्याकडे चौधरी किंवा पाटील. नुसत्या आडनावावर शोधायचं तर आयुष्य जाईल. त्यातून आयर्लंडमध्ये पत्त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे 'टाउनलँड'. गावापेक्षा लहान, आपल्या शिवारासारखा. असे साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. त्यातला आपला कोणता, हे कळलं तरच पुढचं दार उघडतं.

आधी एक सांगतो, कारण अनेकांचा समज असतो की गोऱ्यांनी सगळं नीट जपून ठेवलंय. इंग्लंडपुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे. तिथे चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम १५३८ सालचा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासून. १८४१ पासून जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव, आणि त्या याद्या शंभर वर्षांनी लोकांना खुल्या होतात. १९२१ ची यादी २०२२ च्या जानेवारीत उघडली. पुढची १९३१ ची, तर ती १९४२ साली गोदामाला लागलेल्या आगीत गेली. १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. म्हणजे आता थेट १९५१ ची, २०५२ साली. तोवर आपण कोणी नसू!

आयर्लंडची गोष्ट वेगळी. तिथे १८२१ पासून दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन गणना व्हायची. १८६१ आणि १८७१ च्या याद्या सरकारनेच नष्ट केल्या. १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाचा तुटवडा पडला म्हणून लगदा करायला दिल्या. उरल्या त्या १८२१ ते १८५१ च्या. त्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारात, सार्वजनिक दप्तरखान्यात होत्या. १९२२ साली इंग्लंडशी झालेला तह मान्य नसलेल्या गटाने एप्रिलमध्ये ती इमारत ताब्यात घेतली. २८ जूनला नव्या आयरिश सरकारच्या सैन्याने तोफा डागल्या. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि दप्तरखाना पेटला. शेकडो वर्षांची कागदं. जळके तुकडे शहरभर उडत होते.

मला त्यातली एक गोष्ट सारखी आठवते. १८४५ पासून तिथे बटाट्याचं पीक कुजलं आणि दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच किंवा जास्त देश सोडून गेली. १८४१ ला लोकसंख्या साधारण ८२ लाख होती, १८५१ ला ६५ लाख. आकडे उरले, कारण बेरजा छापून झाल्या होत्या. पण कुठल्या घरातली कोण माणसं दहा वर्षांत नाहीशी झाली हे सांगणाऱ्या दोन्ही याद्या त्या आगीत गेल्या. बेरीज शिल्लक आणि माणसं गायब.

थोडं वाचलंही, आणि कसं वाचलं बघा. १९०८ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, वय सत्तर हवं. आयर्लंडमध्ये सगळ्यांची जन्मनोंद १८६४ ला सुरू झालेली, मग म्हाताऱ्यांनी दाखला आणायचा कुठून? तेव्हा १८४१ आणि १८५१ च्या याद्यांत त्यांचं नाव शोधून उतारा काढायचे. मूळ याद्या जळाल्या, पण पेन्शनच्या फायलींत अडकलेले ते उतारे राहिले. पेन्शनसाठी वयाचा पुरावा जमवत हिंडलेल्या कोणाही माणसाला हे समजेल.

परत आंटीच्या आजोबांकडे येतो. घरात त्यांची एक गोष्ट सांगितली जायची की ते गोऱ्या पलटणीत शिपाई म्हणून आले आणि पैसे भरून पलटणीतून सुटले. मला ती गोष्ट बढाई वाटायची नाही, कारण तशी सोय खरंच होती. ठरलेली रक्कम भरायची आणि मोकळं व्हायचं. लंडनजवळ क्यू इथे ब्रिटनचा राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तिथे १९१३ पर्यंत सैन्यातून सुटलेल्यांच्या फायलींचा एक मोठा गठ्ठा आहे, तो आता पैसे भरून ऑनलाइन बघता येतो. १९१४ नंतर लढलेल्यांच्या फायली वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यावर १९४० च्या सप्टेंबरात जर्मन बॉम्ब पडले आणि निम्म्याहून जास्त जळून गेल्या. आमचा माणूस १९१२ ला सुटला. दोन वर्षं आणखी पलटणीत राहिला असता तर कागद बहुधा राखेत गेला असता.

फाईल मिळाली. भरती १९०६, वय अठरा. उंची पाच फूट सहा इंच, डोळे करडे, केस तपकिरी, धर्म रोमन कॅथलिक, धंदा मजूर. जवळचे नातेवाईक या रकान्यात आई, बाप, दोन भाऊ, एक बहीण. आणि जन्मगाव. मी फोनवर आंटीला "डोळे करडे" वाचून दाखवलं, तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाल्या, "माझ्या डॅडीचे तसेच होते."

शिपाई आयरिश निघाला याचं नवल नको. १८३० च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात दर दहांत चारजण आयरिश होते. पुढे प्रमाण घटलं, पण रिकाम्या पोटाने भरती व्हायचं कारण तेच राहिलं.

आईबापाची नावं हाती आली की पुढचं सोपं. आयर्लंडच्या १९२२ च्या आधीच्या फक्त दोन जनगणना पूर्ण शिल्लक आहेत, १९०१ आणि १९११. त्या तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सगळ्यांना फुकट खुल्या केल्यात. भुसावळला घरी बसून मोबाईलवर बघता येतात. मूळ फॉर्मचा फोटोच येतो, माणसाच्या हस्ताक्षरासकट.

३१ मार्च १९०१ चा फॉर्म. बाप शेतमजूर, 'वाचता येत नाही', सहीच्या जागी फुली. बापाला आणि आईला आयरिश व इंग्रजी दोन्ही भाषा येतात, पोरांपुढे तो रकाना रिकामा. म्हणजे एका पिढीत घरातली भाषा गेली. आमचे आजोबा वय तेरा, शाळेत जातात. घराचा फॉर्म वेगळा, तो पोलिस शिपाई भरायचा: भिंती दगडाच्या, छप्पर गवताचं, खोल्या दोन, समोरच्या बाजूला खिडक्या दोन. खिडक्यासुद्धा मोजल्यात! मग १९११ चा फॉर्म. त्यात लग्न झालेल्या बाईला विचारलेलं: लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, जिवंत किती. आईने उत्तर दिलंय, २६ वर्षं, नऊ झाली, सहा जिवंत. त्या सहांतला एक तेव्हा हिंदुस्थानात होता.

मागे आणखी एक पायरी मिळाली. १८४७ ते १८६४ मध्ये ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने कर बसवायला सगळ्या देशाची घरं-जमिनी मोजून घेतल्या. हे पुस्तक छापलेलं होतं म्हणून आगीतून सुटलं. त्यात त्याच टाउनलँडवर त्याच आडनावाचा एक माणूस आहे. फक्त घर, जमीन नाही, घराची किंमत वर्षाला पाच शिलिंग, आणि शेजारच्या रकान्यात मालकाचं नाव. चर्चच्या नोंदवह्याही आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट ठेवल्यात. त्या लॅटिनमध्ये. पॅट्रिकचा पॅट्रिशियस, ब्रिजेटची ब्रिगिडा. सवय झाली की वाचता येतात, मोडीपेक्षा सोपं. १८२० च्या दशकापर्यंत मी पोचलो. त्याच्या मागे शेतमजुराच्या घराला सहसा कागद नाही. जमीनदाराच्या घराला असतो.

एवढं झाल्यावर नातू खूश. मी नियम नीट वाचले आणि त्याला फोन केला. आयर्लंडचा कायदा असा, की आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असतील तर परदेशी जन्माच्या रजिस्टरात नाव घालून नागरिकत्व मिळतं. त्याच्या पुढच्या पिढीला मिळायचं तर आईचं किंवा बापाचं नाव त्या रजिस्टरात मुलाच्या जन्माआधी चढलेलं हवं. म्हणजे हक्क आंटीला आहे, नातवाला नाही. ब्रिटनचा पूर्वजांवरून मिळणारा व्हिसाही आजोबापर्यंतच जातो. मार्च १९२२ च्या आधी आयर्लंडमध्ये जन्मलेला आजोबा त्यात धरतात, पणजोबा धरत नाहीत. आणि आंटीने आयरिश नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. आंटी हसल्या. "माझी पेन्शन इथे, माझा नवरा इथल्या सिमेट्रीत. डब्लिनला जाऊन मी काय थंडीत मरू?"

विषय इथे संपायला हवा होता. पण ट्रंकेत आजोबांच्या लग्नाच्या नोंदीची नक्कल होती. सन १९१४, धंदा रेल्वेत फायरमन. त्याचं नाव, वय, बापाचं नाव, सगळं. वधूच्या बाजूला: मेरी, वय १८, अविवाहित. बापाचं नाव या रकान्यात आडवी रेघ.

ब्रिटिश काळात मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यातल्या चर्चमधल्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवायची पद्धत होती. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. १९९८ साली सुरू झालेली 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी' नावाची संस्था आहे, तिचे स्वयंसेवक अशा याद्या टाइप करून ठेवतात. मी सगळीकडे बघितलं. लग्न लंडनच्या नकलेत आहे, रेघही तशीच नक्कल केलेली आहे. मग इकडची बाप्तिस्म्याची वही बघायला मिळाली. लग्नाच्या नऊ दिवस आधी 'मेरी, प्रौढ, मूर्तिपूजक आईबापांची मुलगी'. संपलं. गाव नाही, बाप नाही, आधीचं नाव नाही.

कंपनी सरकारच्या काळातल्या वह्यांत असं सर्रास दिसतं. गोऱ्या शिपायाच्या पोराच्या बाप्तिस्म्यात बापाचं नाव, हुद्दा, पलटण, आणि आईच्या जागी 'नेटिव्ह बाई', किंवा तेही नाही. मला वाटायचं १९१४ पर्यंत ते संपलं असेल.

म्हणजे बघा. समुद्रापलीकडच्या दोन खोल्यांच्या झोपडीला पुढे खिडक्या किती होत्या ते मला माहीत आहे. आणि जी बाई इथून पाच-दहा मैलांवरून आली असेल, जिने आंटीला मांडीवर घेतलं, तिचं खरं नाव कुठल्याच कागदावर नाही.

घरात काय सांगायचे? "ग्रँडमा पोर्तुगीज होती." आंटी आता स्पष्ट बोलतात, "तेव्हा सगळे असंच सांगायचे. काळी म्हटलं तर कॉलनीत लग्नं जमायची नाहीत." आजी गेली १९६१ ला, आंटी तेव्हा पंधरा वर्षांच्या. त्यांना आठवतं ते एवढं: आजी कायम लांब बाह्यांचा फ्रॉक घालायची. मनगटाच्या वर हिरवं गोंदलेलं होतं, घरात सांगायचे भाजल्याचा डाग आहे. झोपेत मराठी बोलायची. आणि श्रावणात, नागपंचमी झाल्यावरच्या रविवारी, गव्हाच्या जाड पोळ्या करायची. त्या बाहेर कोणाला द्यायची नाही. पोरं त्याला 'ग्रँडमाज ब्रेड' म्हणायची.

ही गोष्ट मी घरी सांगितली. आमची ही पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "अहो, हे तर कानबाईचे रोट."

खान्देशातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. रोट घरातच, भाऊबंदांतच खायचे. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, येशूच्या फोटोखाली, ती बाई सत्तेचाळीस वर्षं भाऊबंदांशिवाय रोट करत होती.

एका जाणकार मित्राने शंका काढली की १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात मिशनने उचललेली अनाथ पोर असेल. मला पटत नाही. तशी असती तर बाप्तिस्मा लहानपणीच झाला असता आणि कानबाई आठवली नसती. ही घरात वाढलेली, सणवार शिकलेली, कळत्या वयात घराबाहेर पडलेली मुलगी आहे. समाज कोणता ते सांगता येत नाही, कानबाई आपल्याकडे अनेक समाजांत बसते. आणि खरं सांगू, मला तो शोधायचाही नाही. गाव आणि नाव सापडलं तरी पुष्कळ.

तुम्ही म्हणाल त्र्यंबकच्या उपाध्यायांकडे वह्या असतात. असतात, आमच्याही सात पिढ्या तिथे आहेत. पण तिथे आधी विचारतात आडनाव काय, गाव कोणतं. हिच्याकडे दोन्ही नाही. आणि आमच्या वहीत तरी काय आहे? सात पिढ्यांचे पुरुष नावानिशी, बायका क्वचित. आपल्या जुन्या जनगणनांचं म्हणाल तर इंग्रजांनी इथेही १८८१ पासून दर दहा वर्षांनी घरोघर मोजणी केली, पण बेरजा छापल्या आणि घरांच्या याद्या टाकून दिल्या. आजच्या कायद्यातही कोणाच्या घराची नोंद बघायची सोय नाही. १९४८ चा कायदा ती गुप्त ठेवतो. गुप्त ठेवा, मी समजू शकतो, पण शंभर वर्षांनी तरी उघडा ना. २०२७ ची गणना आता डिजिटल होणार म्हणतात. ते भरलेलं आपल्या पणतवंडांना कधी दिसेल का, हे कोणीतरी विचारायला हवं.

संविधानात अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे, कलम ३६६ (२). बाप किंवा बापाच्या बाजूचा कोणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा हवा. आईकडून काही धरलेलं नाही. म्हणजे आंटी अँग्लो-इंडियन आहेत त्या फक्त टिपरेरीच्या आजोबामुळे. २०१९ ला लोकसभा-विधानसभेतल्या त्यांच्या नेमणुकीच्या जागा बंद करताना संसदेत मंत्र्यांनी आकडा सांगितला होता: २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशभरात अँग्लो-इंडियन २९६. समाजाने तो आकडा साफ फेटाळला. आंटी म्हणाल्या, "२९६? आमच्या नाताळच्या डान्सला भुसावळला त्याहून जास्त असायचे रे."

आता विनंती. भुसावळ, साकेगाव, वरणगाव, नशिराबाद, यावल, फैजपूर, बोदवड, पार मुक्ताईनगरपर्यंतच्या जुन्या घरांतल्या लोकांनी आपापल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारावं. साधारण १९१३-१४ साली घरातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी 'बाटली', 'साहेबाकडे गेली', 'विहिरीत पडली म्हणून सांगितलं पण प्रेत मिळालं नाही', असं काही कधी कानावर आलंय का? जिचं नाव घरात घ्यायचं नाही अशी एखादी आत्या किंवा पणजीची बहीण? गोंदण डाव्या हातावर होतं, मनगटाच्या चार बोटं वर. आंटीच्या आठवणीप्रमाणे एक लहान फूल आणि खाली तीन ठिपके.

कमेंटमध्ये नाव-गाव लिहू नका, मला मेसेज करा. कोणाच्या घरची गोष्ट चारचौघांत येणार नाही, हा माझा शब्द. आणि जरा लवकर विचारा, आंटी ७९ च्या आहेत.